कणगीतली केसाळ अळी

हिंगणवाडीच्या भीमनगरात कुणाच्या पिठात, पायताणात नाहीतर अंथरुणात काही वळवळलं, की ते चिरडायच्या आधी पंचफुलाबाईला दाखवून यायचं, अशी रीतच पडून गेली होती. लातूरकडच्या मुरुडपासून पायी जाण्याच्या अंतरावरचं हे गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची ही पंधरा-वीस घरं. बाया पदराच्या टोकात, पानावर, कधी फुटक्या बांगडीच्या तुकड्यावर किडा घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या.

आता माणसाला किड्यांबद्दल प्रश्न पडून पडून पडणार किती? हा चावतो का, चावला तर काय करायचं, पीक खातो का, आणि घरात निघाला तर चांगलं की वाईट. शेवटचा प्रश्न कुणी विचारला की पंचफुलाबाई फणकारायची. "धरम बदलला तवाच सोडलं की ते चांगलं-वाईट! ही वाणी हाय. बोट लाव, जिलबीवानी गोल हुती. तिला तुझ्या नशिबाचं काय पडलंय?" बाकीच्या प्रश्नांना मात्र ती मन लावून उत्तर द्यायची, पण उत्तराच्या आधी तिचाच एक प्रश्न असायचा.

"सापडला कुठं?"

किडा तोंडावरनं ओळखू येत नाही, जागेवरनं ओळखू येतो, असं तिचं म्हणणं. करडईवर मावा पडला आणि त्याच्यात काळी-पिवळी खरबरीत अळी फिरताना दिसली, तर ती मारू नका, ती माव्याला खायला आलीय. तीच पुढं काळ्या ठिपक्यांचा लाल भुंगा होते. भिंतीवर चिखलाचं घर बांधणारी कुंभारीण आपणहून डसत नाही. अंगावर लाल गांधी उठल्या तर बाजेच्या विणीत ढेकूण बघा, आणि पायावरच उठल्या तर गोठ्यात पिसवा बघा. हे सगळं ती आईकडून शिकली होती. आई जन्मभर दुसऱ्यांच्या खळ्यावर उफणायला, निवडायला गेली; दाण्यासोबत जे जे आलं ते तिनं लेकीला दाखवलं.

चुकायचीही ती. विंचू, पाल, सरडा, सगळे तिच्या लेखी किडेच. शाळेच्या गुरुजींनी एकदा सांगितलं की विंचू किडा नव्हे, किड्याला पाय सहाच असतात. तिनं आधी वाद घातला, "डसायच्या आधी पाय कोन मोजतंय गुर्जी?" मग घरी येऊन मुंगळा, झुरळ, नाकतोडा असे सगळे मोजले, आणि दुसऱ्या दिवशी नळावर साऱ्या बायांना पायांचा हिशेब शिकवला. गुरुजींचं नाव घेऊन शिकवला, हे विशेष. फुकटचा मोठेपणा तिला नको असायचा. तिला एकाच गोष्टीचा माज होता: आपण सांगितलं आणि खोटं निघालं, असं कधी झालेलं नाही.

दुसरा माज म्हणजे तिचा भाऊ, भुजंग.

आई गेली तेव्हा भुजंग हाताला धरून चालवायच्या वयाचा होता. पंचफुलाबाईनं त्याला पाठीवर बांधून खुरपणी केली. लग्न गावातल्याच पिराजीशी केलं, ते भाऊ नजरेआड होऊ नये म्हणूनच. भुजंग लातूरच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाला. अख्ख्या भीमनगरातला पहिला मॅट्रिक! निकालाच्या दिवशी तिनं गल्लीत गुळाची भेली फोडली आणि स्वतःला खडा उरला नाही तरी हसत राहिली. पुढं त्याला सस्त्या धान्याच्या दुकानाचा परवाना मिळाला. गावातल्या बड्या धेंडांनी नाकं मुरडली. आपल्याला आता ह्यांच्या दारात रांग लावावी लागणार, हे त्यांना गिळवेना. दुकान किती दिवस टिकतंय बघू, असं ते चावडीवर उघड म्हणायचे. त्यामुळं ते दुकान एकट्या भुजंगाचं राहिलंच नाही. ते साऱ्या गल्लीचं झालं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आदल्या सालीही पावसानं हात आखडताच घेतला होता. ह्या साली तो फिरकलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, जनावरं मातीमोल विकली गेली, आणि माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली. भीमनगरातल्या लोकांकडं इनामातले, कुळकायद्यातले असे जमिनीचे तुकडे होते. त्यांत पेरायला प्रत्येकानं थोडा थोडा शाळू जोंधळा बेणं म्हणून राखून ठेवला होता. पण चूल थंड असताना मडक्यात जोंधळे असले की हात आपसूक तिकडं जातो. पहिल्यांदा मूठभर, मग ओंजळभर. दोन घरांनी बेणं खाऊन टाकलंही. त्यांचं काय चुकलं?

तेव्हा युक्ती पंचफुलाबाईनंच काढली. साऱ्यांचं बेणं एका कणगीत घालायचं, वरनं लिंपून टाकायचं, आणि पाऊस पडून पेरणीची वेळ आली की साऱ्यांच्या समोर फोडायचं. आपलं बी आपल्याच हातापासून लपवायचं. कणगी ठेवायची कुठं, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली. भुजंगाचं घर माळवदाचं, त्याच्या दाराला कुलूप, आणि रेशनचा माणूस असल्यानं त्याला उपाशी राहायची पाळी नाही. शिवाय पंचफुलाबाईचा भाऊ. आणखी काय पाहिजे?

कणगी भरली त्या दिवशी तिनं स्वतः जोंधळे उन्हात कडकडीत वाळवले, गोवरीची राख चाळून त्यात कालवली, थरावर थर कडुलिंबाचा पाला दिला, आणि तोंडावर शेणामातीचा लेप चढवला. तिची जिवाभावाची मैत्रीण मंजुळाबाई पाट्या उचलून देत होती, आणि भुजंग शेजारी उभा राहून बघत होता. मंजुळाच्या घरी खाणारी तोंडं लई, आणि बेणंही इतरांपेक्षा जास्त. तिच्या नवऱ्याला त्या तुकड्याचा मोठा भरवसा. लेप देऊन झाल्यावर मंजुळा म्हणाली, "अक्का, आता हे तुझ्या जबानीवर."

"माझ्याच जबानीवर," पंचफुलाबाई म्हणाली.

त्या उन्हाळ्यात खडीच्या कामाला सुट्टी असली की ती भावाच्या दुकानात गोण्या चाळायला बसायची. मिलो, म्हणजे परदेशातली लाल ज्वारी यायची, कधी बाहेरगावाकडची जुनी पांढरी ज्वारी यायची. माल कुठल्या कुठल्या गोदामात किती वर्षं पडून आलेला, कुणास ठाऊक. एके दिवशी गोणी उसवताना शिवणीतून तांबूस केसाळ अळ्या बदाबदा गळाल्या. असली अळी तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिनं एक तळहातावर घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि रांगेतल्या बायांना हाका मारल्या.

"बगा गं, ही नवीनच भानगड हाय. ही सोंड्याची अळी न्हाई. सोंड्याची अळी दान्याच्या आतच ऱ्हाती, भायेर कवाच दिसत न्हाई. भायेर येतो तो सोंडा, सोंड घिऊनच. ही मोकळी फिरती नि गोनीच्या शिवनीत ऱ्हाती. आपल्या मडक्यात, कनगीत ही कुनी बगितली हाय का? न्हाई. आन् हे बगा, ही दान्याचा डोळाच खाती. खायाला चालंल दळून, पर पेरलं तर कोंब कुठनं फुटंल?"

बायांनी अळी हातोहात फिरवून पाहिली. मंजुळानं तर दाणा नखानं उलटून त्याचा कोरलेला डोळाही पाहिला. दुष्काळात हसायला निमित्तं फार थोडी. रेशनच्या दुकानात बसून अळीची शाळा भरवणारी बाई, हे त्यातलंच एक झालं.

त्या उन्हाळ्यानंतर मात्र पाऊस पडला. कणगी फोडायचा दिवस पोळ्यानंतरचा ठरला, कारण शाळू पेरतात तो हस्त नक्षत्राच्या आसपास. साऱ्या बाया पाट्या, डाल्या घेऊन भुजंगाच्या अंगणात जमल्या. आत जाताना पंचफुलाबाईच्या लक्षात आलं की कणगीच्या तोंडावरचा लेप तिच्या हातचा नाही. ती लेप देताना बोटं एकाच बाजूला ओढायची. हा गोल गोल सारवलेला होता.

"उंदरानं भोसकलं हुतं अक्का," तिनं विचारायच्या आधीच भुजंग म्हणाला. "लिंपून घेतलं मी."

असेल, म्हणून तिनं लेप फोडला. जोंधळे पांढरे, राखेत कालवलेले, लिंबाचा पालाही होता. बायांचे चेहरे उजळले. पहिली पाटी भरली, दुसरी भरली. तिसऱ्या पाटीला मंजुळाचा हात थांबला. तिनं तळहात पुढं केला. त्यावर राखेनं माखलेली एक तांबूस केसाळ अळी हळूहळू चालत होती.

"अक्का, ह्यो किडा कोंचा?"

सगळ्या बाया तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

पंचफुलाबाईला तो किडा ओळखायला एक श्वासही लागला नाही. अळी गोणीतली होती. म्हणजे जोंधळे गोणीतले होते. म्हणजे साऱ्या गल्लीनं पोटाला चिमटा काढून राखलेलं बेणं ह्या कणगीत नव्हतंच. कुणीतरी ते काढून नेऊन त्या जागी रेशनची डोळे खाल्लेली ज्वारी भरली होती, वर राख कालवली होती, पाला घातला होता. हे सगळं कसं करायचं हे ज्यानं तिच्याच शेजारी उभं राहून पाहिलं होतं, त्यानंच केलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

तिनं वर पाहिलं. भुजंग दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. लहानपणी ताप चढला की तो असाच दिसायचा.

एक शब्द बोलली असती तर? दुकानाला टाळं लागलं असतं. फौजदार आला असता. आणि चावडीवरची ती नाकं मुरडणारी माणसं पोट धरून हसली असती, की बघा, ह्यांना दुकान दिलं की हे असं होतं. भावाची नाचक्की एकवेळ परवडली असती. साऱ्या गल्लीची मान खाली गेली असती. असं तिनं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला गल्ली दिसतच नव्हती. तिला फक्त ते पाठीवर बांधलेलं पोर दिसत होतं.

"सोंड्याची अळी हाय," ती म्हणाली. "राखंत जगून ऱ्हायली आसंल. ऊन दावा, जाती."

मंजुळा क्षणभर तिच्याकडं बघत राहिली. मग "बरं," म्हणाली आणि पाटी भरायला लागली. पाठोपाठ बाकीच्याही.

सगळ्या निघून गेल्यावर पंचफुलाबाईनं दार आतून लावलं आणि भावाच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. तो खाली बसून रडला, लहान पोरासारखा. दुकानाच्या परवान्याची मुदत संपत आली होती. वरच्या वस्तीतल्या एका बागायतदाराची तालुक्याला वट होती. तो म्हणाला, शाळूचं बेणं कुठंच मिळेना झालंय, तुझ्याकडं आहे म्हणतात, ते दे, परवान्याचं मी बघतो. "दुकान गेलं असतं गं अक्का. आपल्या गल्लीचं दुकान. मी काय एकट्यासाठी केलं व्हय?"

"गल्लीचं दुकान ठिवायला गल्लीचंच बेनं दिलंस?"

"हस्ताच्या आत परत आनून देतो. त्येच्याकडं उरलंय. माझ्या आईची आन."

त्याची आई म्हणजे कोण? ज्या आईला त्यानं नीट पाहिलंही नव्हतं, ती. पंचफुलाबाईला हे तेव्हा सुचलं नाही. आईचं नाव निघाल्यावर ती विरघळली. म्हणाली, "हस्ताच्या आत. न्हाईतर मीच सांगीन समद्यांना."

घरी येऊन तिनं आपल्या वाट्याचे मूठभर जोंधळे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चार दिवसांनी उघडून पाहिले तर एखाद-दुसरा दाणा फुगला होता, बाकीच्यांना वास सुटला होता. ती भावाकडं गेली. तो म्हणाला, उद्या. पुन्हा गेली. म्हणाला, बागायतदार मुरुडला गेलाय. पुन्हा गेली तेव्हा भावजयीनं दारातूनच सांगितलं, ते लातूरला गेलेत. हस्त लागला, रान वाफशाला आलं. गल्लीतली माणसं तिफणी मागून आणून पेरायला निघाली आणि पंचफुलाबाई दारात बसून बघत राहिली. उद्या तो आणील, परवा आणील, दुबार पेरता येईल. आस म्हणजे लई वाईट चीज. पिराजीनं, तिच्या नवऱ्यानं, आपला तुकडा पेरायला घेतला तेव्हाही ती काही बोलली नाही.

रानं उगवलीच नाहीत. दुष्काळानंतरच्या पहिल्या ओल्या वर्षी सारं शिवार हिरवं झालं, आणि मधले भीमनगरच्या लोकांचे तुकडे तेवढे काळे राहिले. दुबार पेरायला ना बी होतं ना वेळ उरली होती. मंजुळाचा नवरा रोज सकाळी रानात जायचा आणि मातीत बोटं घालून दाणे उकरून बघायचा.

समाजमंदिरात बैठक बसली. असं झालं कसं, हा एकच विषय. पंचफुलाबाई कोपऱ्यात बसली होती. तिनं ठरवलं होतं की आज भुजंग उठेल, कबूल करील, आणि त्याच्या पाठोपाठ आपण उठायचं. जी काय शिक्षा होईल ती दोघांनी घ्यायची. भुजंग उठला. इस्त्रीचा सदरा घातलेला होता त्यानं.

"माझ्या घरात कणगी हुती म्हणून जिम्मा माझाच," तो म्हणाला. लोक माना हलवायला लागले, केवढा समजूतदार! "पर लेप, राख हे काम माझं न्हवतं. अक्कानं राख ओली घातली. दमट लागली, बी कुजलं, अळी पडली. तिनंच त्या दिवशी बगून सांगितलं, ऊन दावा म्हणून. ती माझी बहीण हाय, आईच्या जाग्यावर हाय. तिला कुनी बोलू नका. अडाणी बाई हाय, झाली चूक."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण चोर निदान दुसऱ्याच्या दारात बोंबलतो. हा तिच्याच मांडीवर वाढलेला, आणि तिला क्षमा करून मोकळा झाला! पंचफुलाबाई उठली, तोंड उघडलं. आणि तिच्या ध्यानात आलं की आता खरं सांगितलं तर आधी स्वतःचं खोटं सांगावं लागेल. साऱ्या गल्लीसमोर, तळहातावरची अळी बघून तिनंच नाव सांगितलं होतं. दाणा रुजत नाही हेही तिला पेरणीच्या आधीच माहीत होतं. इकडं आड, तिकडं विहीर. ती पुन्हा खाली बसली. लोकांना तेच कबुलीसारखं वाटलं.

पिराजी त्या रात्री जेवला नाही. "राख वली हुती का?" एवढंच त्यानं विचारलं. राख तिनं चाळली तेव्हा तो समोर बसलेला होता. तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं, आणि पुढं ते दोघं संसारातलं सगळं बोलले, पण कणगीचं कधी बोलले नाहीत.

मंजुळाचं घर त्या हिवाळ्यात लातूरला गेलं. जमिनीचा तुकडा कुणाला तरी देऊन टाकला. जाताना मंजुळा सगळ्यांच्या दारी पाणी प्यायली, पंचफुलाबाईच्या दारावरून तशीच गेली.

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. फक्त किडे घेऊन येणं बंद झालं. पिठात काही निघालं की बाया ते उंबऱ्यावर चिरडायला लागल्या. एकदा शेजारच्या सुनेनं पानावर काहीतरी आणलं, नवीन होती बिचारी, तर सासूनं तिला दारातूनच परत बोलावलं. पंचफुलाबाई घरात उभी राहून ऐकत होती. पान तिला दिसलं होतं. साधा चतुर होता, पंख ओले झालेला.

भुजंगाचं मात्र बस्तान बसलं. मुरुडला दुसरं दुकान झालं, पुढाऱ्यांच्या मागंपुढं फिरणं आलं. सणासुदीला तो लुगडं घेऊन यायचा. ती ते खुंटीला टांगायची, नेसायची नाही. एकदा म्हणाली, "भुजंगा, त्या दिवशी कामून बोललास रे तसं?" तो म्हणाला, "जुनं कामून उकरून ऱ्हायलीस अक्का? झालं गेलं." ज्याचं गेलेलं नसतं त्याला झालं-गेलं म्हणणं सोपं जातं. तिच्या छातीवर मात्र ते बसून राहिलं. भावाच्या जागी एखादा शत्रू असता तर तिला एवढं लागलं नसतं. पण आपण ज्याच्यासाठी जबान विकली, त्यानंच ती बाजारात नेऊन फुकट वाटली, हे तिला झोपेतही डसायचं.

वर्षं गेली. पिराजी गेला. आणि लातूर जिल्हा झाला. कचेरीच्या कामाला उस्मानाबादेला खेटे घालणाऱ्या लोकांना आनंद होणारच. गावोगावहून ट्रक भरून माणसं लातूरच्या सोहळ्याला निघाली. हिंगणवाडीचा ट्रक भुजंगानं सजवला होता. नव्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा समितीवर त्याचं नाव लागल्याची खबर होती, त्यामुळं गळ्यात हार होता. निघायच्या आधी तो समाजमंदिरासमोर तरण्या पोरांना सांगत होता की बहात्तरच्या दुष्काळात साऱ्या गल्लीचं बेणं त्यानं कसं जिवापाड जपलं होतं. "पर आमची अक्का!" तो हसून म्हणाला. "किड्यांची डाक्टर! वली राख घातली नि समदं बेनं कुजवलं." पोरं खदखदून हसली. पंचफुलाबाई भिंतीआड पाण्याची घागर घेऊन उभी होती.

तिनं घागर तिथंच ठेवली. ट्रकात चढली नाही. फाट्यावर जाऊन बस धरली आणि उभ्यानं लातूरला गेली. मंजुळा आडत बाजारात धान्य चाळायला जाते, एवढं तिनं ऐकलेलं होतं. रस्त्यांवर कमानी होत्या, बँड होते, गंजगोलाईच्या बाजारचौकात पाय ठेवायला जागा नव्हती. विचारत विचारत ती आडतीवर पोचली. सणाचा दिवस असूनही एका छपराखाली चार-पाच बाया तूर चाळत होत्या. त्यातल्या एकीचे केस पिकले होते, तरी पाटी उचलायची लकब तीच होती.

मंजुळानं तिला पाहिलं. चाळण थांबली नाही.

"बस," ती म्हणाली.

पंचफुलाबाई तुरीच्या राशीजवळ बसली. येताना बसमध्ये तिनं पुष्कळ जुळवलं होतं, त्यातलं काहीच उरलं नाही. "मंजुळे, त्या दिवशी कनगीतली अळी सोंड्याची न्हवती," ती म्हणाली. "गोनीतली हुती. भुजंगानं बेनं इकलं हुतं. मला तवाच कळलं हुतं."

मंजुळानं चाळणीतले खडे बाजूला झटकले. "अळी वळखली हुती मी," ती म्हणाली. "समद्याच बायांनी वळखली हुती. तूच न्हाई का दावली दुकानात? तिचे केस, तो खाल्लेला डोळा. न वळखायला काय झालं?"

पंचफुलाबाईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "वळखली हुती, तर इचारलीस कामून मला?"

"तू सांगशील म्हणून. तुझा भाऊ. तुझ्या तोंडून निगालं पायजे, आमच्या न्हाई. तू सांगितलं आसतंस तर हस्ताला येळ हुता अजून. कुनाच्या पाया पडून, भीक मागून बेनं आनलं आसतं. भुजंगालाबी घातला आसता पोटात. आपलंच पोर हुतं."

"मग पेरलीस कशाला? कळलं हुतं तर पेरलीस कशाला गं?"

चाळण आता थांबली. मंजुळानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं.

"तू म्हनलीस सोंड्याची हाय. तू कवा खोटं बोललेली न्हवतीस. म्हनलं, माझेच डोळे चुकले आसतील. समद्या तसंच म्हनल्या. घरला येताना वाटंत बोललो आमी, की अक्का म्हनती म्हंजे सोंड्याचीच." तिनं चाळण खाली ठेवली. "नवऱ्यानं इचारलं, किडका दाना दिसतो, पेरू का? मी म्हनलं, पेर. अक्कानं बगितलाय."

बाहेर बँडवाले चालले होते. कुणीतरी गुलाल उधळला, त्याची थोडी धूळ छपराखाली आली आणि तुरीवर बसली. मंजुळानं ती फुंकरीनं उडवली.

नऊ वर्षं पंचफुलाबाई स्वतःला फसवलेली बाई समजत होती. त्या समजुतीवरच ती जगली होती, म्हटलं तरी चालेल. आता तिला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. "माफी कर," असं काहीतरी ती पुटपुटली.

"ते ऱ्हाऊ दे," मंजुळा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एक सांग फकस्त. आमचं रान काळं पडलं हुतं, तवा न्हाई आलीस. गाव सोडून आलो, तवा दारातबी न्हाई आलीस. आज आलीस, ते आमच्यासाठी का त्येला हार घातला म्हणून?"

पंचफुलाबाईनं तोंड उघडलं. मंजुळा वाट बघत राहिली, बाजूच्या बायाही चाळणी धरून थांबल्या. मग मुकादमानं हाक मारली तशा त्या एकेक करून पुन्हा कामाला लागल्या, आणि पंचफुलाबाई तशीच बसून राहिली.